चार इयत्तांचं एक वाक्य

"पहिली पाटीवर, दुसरी पुस्तकात, तिसरी तोंडावर बोट, आणि चौथी, तू उभी राहा."

हे एक वाक्य आहे. ते एका दमात म्हणायचं असतं आणि म्हणताना मान टेबलफॅनसारखी डावीकडून उजवीकडे फिरवायची असते. मान चौथीपाशी पोचते तोवर पहिलीने पाटी डोक्यावर घेतलेली असते, म्हणून ती लगेच परत न्यावी लागते. आमच्या शाळेतल्या बाई हे दिवसभर करायच्या. तुमच्यापैकी जे कुणी चार वर्ग एका खोलीत भरणाऱ्या शाळेत शिकलेत किंवा शिकवतात, त्यांना ही मान चांगली ठाऊक असेल. बाकीच्यांनी एकदा आरशासमोर उभं राहून करून बघावं आणि मग मलम हाताशी ठेवावं.

बाई आता शाळेत नाहीत. निवृत्तीला बरीच वर्षं बाकी असताना त्यांनी नोकरी सोडली. साक्रीच्या पलीकडचं आमचं ते गाव, साक्रीची कचेरी आणि धुळ्यात देवपुरातली आमची कॉलनी, सगळीकडे मला एकच प्रश्न विचारला गेला, की बाईंनी असं का केलं. मला कारण माहीत आहे. मला ते पटलेलं नाही आणि मी त्यांच्यावर अजून रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे तिरका बोललो तर तुम्ही समजून घ्याल.

आमची शाळा म्हणजे दोन खोल्या, दोन शिक्षक, म्हणजे बाई आणि मी, आणि चार इयत्ता. त्यातली एक खोली गळते. तिच्यात खिचडीचं सामान, मोडकी बाकं आणि एक जुना पृथ्वीचा गोल राहतो. म्हणून चारही इयत्ता दुसऱ्या खोलीत, चार कोपऱ्यांत. शाळेला मुख्याध्यापक नाही, पण चार्ज आहे. चार्ज म्हणजे काय, तर मुख्याध्यापकाची सगळी कामं करायची आणि मुख्याध्यापक मात्र व्हायचं नाही. रीतसर तो ज्येष्ठ म्हणून बाईंकडे असायला हवा होता.

मी चाळीसगावकडून बदली होऊन आलो, त्या पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्यासाठी डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आणलं. मला भरून आलं. नव्या गावात पहिल्या दिवशी एवढी माया कोण करतं? माझा शेवटचा घास खाली उतरला आणि बाईंनी शाळेचा शिक्का आणि शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, सर, तुमचं अक्षर फार सुरेख आहे असं ऐकलंय. माझं अक्षर माझ्या बायकोला वाचता येत नाही. हे त्यांनी कुणाकडून ऐकलं होतं कोण जाणे.

त्यांचा हिशेब सरळ होता. ज्याच्याकडे चार्ज, तो मीटिंगला जातो. जो मीटिंगला जातो, त्याला शिकवता येत नाही. बाईंना शिकवायचं होतं. तेव्हा मी अजून तरुण आहे, मला मीटिंग सोसतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. भरीत खाऊन झालं होतं, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून मी साक्रीत आणि बाई चार इयत्तांत, अशी आमची वाटणी झाली. कधी प्रशिक्षण, कधी मतदार यादी, कधी तांदळाचा हिशेब, कधी नुसतंच 'तात्काळ उपस्थित राहावे'. मी संध्याकाळी शिक्का शाळेच्या कपाटात परत ठेवून फाट्यावर पोचायचो तेव्हा बाई घसा खाकरत बसची वाट बघत उभ्या असायच्या. देवपुरापर्यंत आमचा प्रवास एकाच गाडीने व्हायचा आणि त्या प्रवासात मला दिवसभराची शाळा ऐकायला मिळायची. माझ्या शाळेत रोज काय घडतं ते मला असं बसमध्ये कळायचं.

इतकी वर्षं चार इयत्तांत घालवल्यामुळे बाईंना जगात पाचवी इयत्ता दिसतच नसे. समोरचा माणूस कुणीही असो, त्या त्याला मनातल्या मनात कोपऱ्यात नेऊन बसवायच्या. त्यांचे मिस्टर तिसरीत होते. समजतं सगळं, पण सांगितल्याशिवाय करत नाहीत, असा शेरा. सासूबाई चौथीत. त्यांना काही शिकवायला जायचं नाही, त्यांच्याकडून इतरांचे पाढे म्हणून घ्यायचे. मी कितवीत आहे असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, कागदपत्रांत चौथी, बाकी दुसरी. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की दुसरीतली मुलं अशीच रुसतात.

माझ्या चुलतभावाच्या लग्नाला मी त्यांना चाळीसगावला घेऊन गेलो होतो. जेवण बुफे होतं. बुफे म्हणजे आमच्याकडे जिलेबीच्या टेबलापाशी अख्खा मंडप आणि भातापाशी कुणीच नाही. वाढपी पोरं रडकुंडीला आली होती. बाई हातात रिकामं ताट घेऊन थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांची मान डावीकडून निघाली. "पहिली पुरीकडे, दुसरी भाजीकडे, तिसरी तोंडावर बोट, आणि चौथी, तुमचं जेवण झालंय, हात धुवायला चला." आवाज फार मोठा नव्हता, पण आमच्या तिकडच्या बहुतेक माणसांनी आयुष्यात कधी ना कधी असा आवाज ऐकलेला आहे. गर्दी चार जागी फुटली. नवरदेवाच्या थोरल्या मामांनी, चांगल्या मिशा असलेले मोठे शेतकरी ते, तोंडावर बोट ठेवलं आणि जिलेबी मिळेपर्यंत काढलं नाही. मला त्या दिवशी बाईंचा फार अभिमान वाटला.

आता फोनची गोष्ट. आमच्या शाळेत रेंज फक्त एका खिडकीत येते. त्या खिडकीच्या गजाला बाईंनी एक कापडी पिशवी बांधली होती आणि त्यात फोन ठेवला होता. तो काढून हातात घेतला की रेंज जायची. म्हणून फोन आला की तो पिशवीतच मोठ्या आवाजावर टाकायचा आणि वर्ग घेत घेत बोलायचं. एकदा मी साक्रीच्या रस्त्यात असताना आमच्या केंद्राचे, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांचे, साहेब बाईंशी फोनवर बोलत होते. शाळेत किती नळ आहेत, किती तोट्या आहेत, त्यातल्या किती गळतात, अशी काहीतरी माहिती तात्काळ हवी होती. साहेब बोलत होते, बाई हो हो म्हणत होत्या आणि मध्येच मान फिरली. "पहिली पाटीवर. दुसरी, तू गप्प बस बघू आधी. कधीची बडबड चालली आहे."

पिशवीतून आवाज यायचा थांबला. बाईंना वाटलं फोन कट झाला. त्यांनी तिसरीचं गणित घेतलं, चौथीला शुद्धलेखन दिलं, पहिलीतल्या एकाचं नाक पुसलं. बऱ्याच वेळाने पिशवीतून हळूच आवाज आला, "मॅडम, आता बोलू का?"

साहेबांनी याचा राग धरला नाही. तेही लहानपणी अशाच एका शाळेत दुसरीच्या कोपऱ्यात बसलेले होते, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. माणूस मनाने चांगला होता, फक्त त्याला वरून विचारत होते म्हणून तो खाली विचारत होता.

तर या फोनने आमच्या शाळेत आणखी एक विषय वाढवला होता, तो म्हणजे फोटो. खिचडी शिजली, फोटो. खिचडी खाल्ली, फोटो. झाड लावलं, फोटो. शाळेत काही झालं आणि फोटो वर गेला नाही, तर ते झालं नाही असं धरलं जायचं. काही झालं नाही आणि फोटो गेला, तर ते झालं असं धरलं जायचं. पोरं हुशार, त्यांना हे आमच्या आधी कळलं. बाईंनी फोन पिशवीतून काढला की चारही इयत्ता आपोआप उंचीप्रमाणे उभ्या राहायच्या आणि दात दाखवायच्या.

एकदा हात धुण्याचे फोटो मागवले. ते दिवस उन्हाचे, टाकीत थेंब नव्हता. बाईंनी पोरांना ओळीत बसवलं आणि कोरडेच हात चोळायला लावले. फोटो झकास आला. पंधरवड्याने एक म्हातारी अक्का शाळेत आली आणि दारातच बसली. नातवाची तक्रार घेऊन आली होती.

"बाई, मना नातू जेवाना पहिले कोरडा हात चोळस, नि मनाकडे देखीसन दात काढस. त्याले काही व्हयेल शे का?"

चौकशीअंती असं निघालं, की तो हात चोळून दात काढायचा आणि कुणीतरी 'झालं' म्हणेपर्यंत भाकरीला शिवायचा नाही. बाईंनी अक्कांना सांगितलं की रोज 'झालं' म्हणत चला. अक्का समाधानाने गेल्या. बसमध्ये हे सांगताना बाई इतक्या हसल्या की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. मीही हसलो. साक्री येईपर्यंत आम्ही हसत होतो.

आता सोनीची गोष्ट सांगायला हवी, कारण बाईंनी नोकरी सोडली ती तिच्यामुळे.

सोनी दुसरीत होती. ती मुकी नव्हती, लाजाळू नव्हती, घरची भांडणं सगळ्या वर्गाला सांगून मोकळी होणारी पोर होती. तिला फक्त वाचता येत नव्हतं. आणि मजा अशी, की ती वाचायची मात्र सगळ्यांत जोरात. पुस्तक उघडायचं, चित्र बघायचं आणि सुरू व्हायचं. पाणी जपून वापरा असा एक धडा होता, त्यात हंडा घेतलेल्या बाईचं चित्र होतं. सोनीने तो धडा असा वाचला: "हाई मनी मावशी शे. तिनी सासू तिले पाणी लेवाले धाडस, नि मांगेतून देखत ऱ्हास, कोणशी बोली राहिनी ते." आणि मग बोट ओळीवरून सरकवत पुढचं सगळं, सासूच्या स्वभावासकट. पहिलीपासून चौथीपर्यंत सगळे कान देऊन ऐकायचे. बाई म्हणायच्या, सर, खरं सांगू का, तिचा धडा पुस्तकातल्यापेक्षा बरा होता.

बाईंचं माहेर पार जळगावच्या पूर्वेकडचं, रावेरच्या बाजूचं. तिकडची बोली वेगळी. या पोरांचं 'शे' आणि 'बठ्ठा' त्या इथे येऊन, पोरांकडूनच शिकल्या होत्या. त्यामुळे पुस्तकातली भाषा घरच्या भाषेपासून किती लांब असते हे त्यांना सांगावं लागत नसे. सोनीसाठी त्यांनी जंग जंग पछाडलं. बाकीची पोरं खिचडी खात तेव्हा सोनी बाईंच्या शेजारी बसून खायची आणि ताटातल्या शितांची अक्षरं करायची. पहिलीपासून दोन वर्षं हे चाललं. बसमध्ये बसल्या बसल्या बाई मला सांगायच्या, आज 'क' कळला. दुसऱ्या दिवशी सांगायच्या, 'क' गेला परत. एकदा तर म्हणाल्या की बाकी मला या नोकरीकडून काही नको, ही पोर एकदा खरं वाचताना ऐकली की झालं.

ती वाचली त्या दिवशी मी अर्थातच साक्रीला मीटिंगमध्ये होतो. मीटिंगचा विषय होता, शिक्षकांनी शिकवण्याच्या वेळेत वर्ग सोडू नये. त्यामुळे पुढचं सगळं बाईंनी सांगितलं तसं सांगतो.

खिचडी झाली होती. सोनी ताट धुवायला म्हणून पलीकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी गेली होती. त्या भिंतीवर निळ्या रंगात एक ओळ लिहिलेली आहे. भिंत निळ्यापेक्षा लाल जास्त आहे, पण ओळ दिसते. सोनी ताट हातात तसंच धरून भिंतीसमोर उभी राहिली आणि तिचे ओठ हलायला लागले. बाई शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू आलं.

"ये... थे... थुं... कू... न... ये."

मग एकदा सलग. मग ती गर्रकन वळली आणि बाईंना म्हणाली, मॅडम, आठे थुंकानं नही. आणि मग पुन्हा भिंतीकडे, त्या लाल ओघळांकडे बघून, "मंग बठ्ठा काब्र थुंकतस?"

वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं, असं आम्हाला प्रशिक्षणात तीन तीन दिवस शिकवतात. त्या पोरीने ते दोन्ही एका ताटाच्या अंतरात उरकलं. वर मग सगळे का थुंकतात, असा ग्रामपंचायतीला प्रश्नही विचारला.

बाई पायरीवरून उठल्या त्या थेट खिडकीकडे धावल्या. कारण त्या आठवड्यात वरून मागणी होती, की ज्याला वाचता येत नव्हतं आणि आता येतं, अशा एका मुलाचा व्हिडिओ प्रत्येक शाळेने पाठवावा. मीच तो निरोप बाईंना वाचून दाखवला होता. बाईंनी पिशवीची गाठ सोडली, फोन घेतला, पळत भिंतीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "थांब थांब सोनी, परत वाच."

सोनीने फोन पाहिला. ताट खाली ठेवलं. फ्रॉकने तोंड पुसलं, सरळ उभी राहिली, हात जोडले आणि दात दाखवले. "नमस्कार. माझं नाव सोनी. मी इयत्ता दुसरीत शिकते. मला माझी शाळा खूप आवडते." स्वच्छ, एकही 'शे' नसलेलं. बाई म्हणाल्या, हे नको गं, भिंत वाच. सोनीने भिंतीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. ती खरोखरच गोंधळली होती आणि तिने अगदी मनापासून विचारलं.

"मॅडम, खरं वाचू का फोटोनं वाचू?"

हे ऐकून मी बसमध्ये मोठ्याने हसलो. कोरड्या हातांचा पोरगा आणि ही पोरगी, दोन्ही एका माळेचे मणी, असं काहीतरी म्हणालोही. बाई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मला वाटलं, दमल्या असतील, चार इयत्तांनी आज जास्तच पिळलं असेल.

साक्री गेलं, गाडी पुढे निघाली, तेव्हा त्या बोलल्या. "सर, तिने विचारलं ना, तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं, फोटोचं वाच. बाहेर नाही पडलं. पण आलं होतं."

मी म्हणालो, मॅडम, एवढं काय त्यात. पुढच्या सोमवारी बाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज माझ्यासमोर ठेवला, कारण चार्ज माझ्याकडे होता आणि शिक्का मलाच मारायचा होता.

मी त्यांच्याशी भांडलो. साक्रीच्या स्टँडवर, चारचौघांत, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी. मी म्हणालो की फोटो मी काढत जाईन, व्हिडिओ मी काढत जाईन, तुम्ही त्या फोनला हातसुद्धा लावू नका, फक्त शिकवा. बाई म्हणाल्या, तुम्ही काढाल हो, पण पोरं दात काढतील ते माझ्याकडे बघूनच. मी म्हणालो, तुमची मान दुखते, घसा बसतो, त्यावर औषध करू, सुट्टी घ्या. तर म्हणाल्या की मान आणि घसा यांचं काय, त्यांची सवय असते. मग मी जे खरं होतं ते बोललो. तुम्ही गेलात तर माझं काय होईल, मला चार इयत्ता येत नाहीत, मला एकसुद्धा धड येत नाही, मी इतकी वर्षं नुसत्या मीटिंग केल्या आहेत. रसवाल्याने माझ्याकडे पाहून न मागताच ग्लास पुढे केला. बाईंनी तो मला प्यायला लावला आणि म्हणाल्या, येईल. माझा राग आहे तो तेवढ्यावरच आहे. एवढं सगळं ऐकून माणसाने नुसतं 'येईल' म्हणावं?

बाईंना मात्र कारण विचारणाऱ्यांची फार गंमत वाटायची. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या इयत्तेप्रमाणे उत्तर द्यायच्या. गावातल्या आबांना सांगितलं, गुडघे गेले. कॉलनीतल्या बायकांना सांगितलं, नातवंडं सांभाळायची आहेत. त्यांच्या मुलाचं अजून लग्न झालेलं नव्हतं, पण बायकांनी मान डोलावली. साहेबांना प्रकृतीचं कारण दिलं. मिस्टरांना काय सांगितलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ते तिसरीत आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या अंगणात झाला. शाल आली, नारळ आला, साहेब आले. साहेब भावूक होऊन बोलायला लागले आणि थांबेचनात. शिक्षण म्हणजे काय, त्याग म्हणजे काय, समई म्हणजे काय. पहिली झोपली, दुसरी चिमटे काढायला लागली, तिसरीतला एक नारळ सोलायला बसला. बाई खुर्चीवर शाल सावरून बसल्या होत्या. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरी, पुरे." साहेब वाक्याच्या मध्यावर खाली बसले आणि बसल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, तसे ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यानंतर बाईंना बोलायला सांगितलं. त्यांनी मान डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश फिरवली, चारही कोपऱ्यांतल्या पोरांकडे पाहिलं आणि काही न बोलताच खाली बसल्या. पोरं तोंडावर बोट ठेवून बसली होती. त्यांना वाटलं वाक्य अजून यायचं आहे.

त्या दिवशी मला मागे थांबणं भाग होतं. मांडव सोडायचा होता, आणि निरोपाचे फोटो खिडकीत उभं राहून पाठवायचे होते. बाई एकट्याच गाडीने जाणार होत्या. आम्ही सगळे त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. पुढे पोरं, मग शाल आणि नारळ घेतलेल्या बाई, मागे मी. सोनी बाईंची पर्स गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे चालत होती.

गाडी आली. तीच रोजची. बाई त्या गाडीने इतकी वर्षं जात होत्या की ड्रायव्हर त्यांना बघून आपोआप थांबायचा. पण बाई चढल्या नाहीत. कपाळावर हात धरून पाटीकडे बघत राहिल्या आणि सोनीला विचारलं, कुठली गाडी आहे गं ही, मला काही दिसत नाही. माझा हात खिशातल्या फोनकडे गेला, सवयच झालेली. मग मी हात रिकामाच बाहेर काढला.

सोनी टाचा उंच करून बघत होती. "धु... ळे. धुळे. मॅडम, हाई धुळानी गाडी शे."

"नक्की ना? परत वाच."

ती परत वाचली. दात न दाखवता, कपाळाला आठ्या घालून, बोट हवेत फिरवत. बाई म्हणाल्या, आणि त्याच्या खाली काय लिहिलंय? खाली बारीक अक्षरांत 'मार्गे साक्री' होतं. सोनीने बराच वेळ त्याच्याशी झटापट केली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तरी ती हलली नाही. मग बाईंकडे वळून, जरा तक्रारीच्या सुरातच म्हणाली,

"मॅडम, ते जोडाक्षर शे. ते तुम्ही आम्हले शिकाडं नही."

बाईंचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. कंडक्टर म्हणाला, बाई, चला ना वर. त्यांनी सोनीच्या गळ्यातली पर्स काढून घेतली, माझ्याकडे पाहिलं, "सर," एवढंच म्हणाल्या आणि चढल्या. गाडी गेली. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि त्यातलं कुठलं जास्त होतं ते मला अजून सांगता येत नाही.

पोरं पांगली. सोनी तिथेच उभी होती. मी रस्त्याकडेची एक काडी घेतली, उकिडवा बसलो आणि मातीत 'साक्री' असं लिहिलं. इतकी वर्षं शिक्षक असून एखाद्या मुलाला काही नवीन शिकवायची माझी ही बहुधा पहिलीच वेळ. ती माझ्या शेजारी बसली आणि वाचली, साकरी. मी म्हणालो, नाही, नीट बघ. ती वाकून बघायला लागली आणि मला विचारलं की क ला काय झालं.

मी माझ्या परीने समजावलं. दोन अक्षरं जोडायची असली, की त्यातलं एक अर्धं होतं. क अर्धा झाला, म्हणून तो र ला चिकटला. ते तिला पटल्यासारखं वाटलं. मग तिने थोडा विचार केला.

"मंग बाकीना अर्धा कोठे गया, सर?"

प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं.

"थांब," मी म्हणालो, "मॅडमना विचारून सांगतो."

सोनीने माझ्याकडे पाहिलं. आणि मग आम्ही दोघंही, गाडी गेली होती त्या रस्त्याकडे बघत बसलो.